कबूल म्हणण्याआधी

आपल्याकडे निकाह ठरतो तेव्हा मेहर आधी ठरतो. किती, त्यातला रोख किती, नंतर द्यायचा किती, हे वडीलधारी माणसं समोरासमोर बसून बोलतात. काझीसाहेब ते रजिस्टरात लिहितात, साक्षीदार सह्या करतात आणि मग ‘कबूल’ हा शब्द येतो. मेहर विचारला म्हणून मुलीकडचे लोभी आहेत, असं कोणी म्हणत नाही. मग तीच मुलगी डॉक्टर होते, तिला पहिल्या नोकरीचं पत्र येतं आणि सही करण्याआधी ती “तास किती? सुट्टी कधी? पगार कोणत्या तारखेला?” एवढंच विचारते, तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या कपाळाला आठ्या का पडतात?

हा प्रश्न मला दरवर्षी पडतो, कारण मी उर्दू आणि मराठी शिकवते. युनानी वैद्यकाच्या, म्हणजे बीयूएमएसच्या प्रवेशासाठी दहावीला उर्दू, अरबी किंवा फारसी असावी लागते; नसेल तर त्याची वेगळी सोय करावी लागते. त्यामुळे उर्दू शाळेतल्या हुशार मुलींना हा रस्ता जवळचा वाटतो. पुण्यात आझम कॅम्पसमधलं युनानी कॉलेज आहे, मुंबईत अंजुमन-इ-इस्लामचं तिब्बिया, मालेगावला मोहम्मदिया, जळगावला इक्रा. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. मग नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी, महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनची नोंदणी, पेढे, हार, मोहल्ल्यात फ्लेक्स. आणि त्यानंतर नोकरीचं पत्र. ते कसं वाचायचं, हे मात्र कोणीच सांगत नाही.

मग पत्राचा फोटो माझ्या फोनवर येतो. “टीचर, जरा बघता का?”

गेल्या काही वर्षांत यातली बरीच पत्रं खराडीची असतात. त्याला कारण आहे. नगर रोडच्या या टोकाला इऑनसारखे आयटी पार्क उभे राहिले, पाठोपाठ टोलेजंग सोसायट्या आल्या. त्या सोसायट्यांत काम करणारी माणसं चंदननगरला, थिटे वस्तीत, वाघोलीकडच्या चाळींत राहू लागली. इंजिनिअर, वॉचमन, धुणीभांडी करणाऱ्या बायका, बांधकामावरचे मजूर, सगळ्यांनाच ताप येतो, सगळ्यांचीच मुलं रात्री बारा वाजता ओकतात. त्यांच्यासाठी लहान लहान दवाखाने आणि दहा-वीस खाटांची हॉस्पिटलं आहेत. तिथे दिवसा ओपीडी सांभाळायला आणि रात्री वॉर्डात थांबायला बीएएमएस, बीएचएमएस, बीयूएमएस झालेली तरुण मुलं-मुली लागतात. आपल्या देशातली प्राथमिक आरोग्यसेवा म्हणतात ती शहरात बरीचशी यांच्याच खांद्यावर उभी आहे.

अलीकडेच आलेलं एक पत्र असं होतं. इंग्रजीत, एक पान. दरमहा २४,००० रुपये. आठवड्याचे सहा दिवस, रोज बारा तास, पाळी ‘गरजेनुसार’. पदवीची मूळ प्रमाणपत्रं व्यवस्थापनाकडे जमा करायची. दोन वर्षांचा बाँड. आधी सोडल्यास दोन लाख रुपये. सोडल्यावर तीन वर्षं पाच किलोमीटरच्या आत प्रॅक्टिस करायची नाही. आणि शेवटी, वेळोवेळी सांगितली जातील ती इतर कामं.

मुलीचे अब्बा मार्केट यार्डात फळांचा धंदा करतात. आंब्याच्या पेटीमागे वीस रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करणारा, हुंडेकऱ्याशी भाड्यावरून भांडणारा माणूस. या पत्रापुढे ते एकदम गप्प झाले. म्हणाले, “पहली नौकरी है बेटा, जो मिल रहा है ले लो.”

त्यांना मी दोष देत नाही. सच्चर समितीने २००६ साली आकडे मांडून दाखवलं होतं की आपल्या समाजात स्वतःचा छोटा धंदा करणारे जास्त आणि नियमित पगाराच्या नोकरीत असणारे कमी. बाजारात भाव करणं आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या येतं. लेटरहेडवरचा इंग्रजी कागद मात्र घरात पहिल्यांदाच आलेला असतो. बाजारात आपण विकणारे असतो. या कागदापुढे आपण मागणारे होतो. माझं म्हणणं एवढंच की इथेही ती मुलगी विकणारीच आहे. साडेपाच वर्षांची मेहनत ती दर महिन्याला मोजून देणार आहे.

आता पत्र वाचू. मी भाषेची शिक्षिका आहे, वकील नाही. पण करार शेवटी भाषेतच लिहिलेला असतो. वर्गात मी मुलांना वाक्यातला कर्ता शोधायला लावते. कर्ता सापडला नाही की काम कोण करणार हे कळत नाही. नोकरीच्या पत्रातली वाक्यं याच नजरेने वाचावीत. मुलीने काय करायचं त्या प्रत्येक वाक्यात कर्ता ठळक असतो. व्यवस्थापनाने काय द्यायचं तिथे मात्र ‘विचार केला जाईल’, ‘सुविधा देण्यात येतील’ असं कर्मणी प्रयोगाचं राज्य असतं. कोण विचार करणार? कधी? ‘गरजेनुसार’ म्हणजे कोणाच्या गरजेनुसार? या जागांवर पेन्सिलने खूण करायची आणि विचारायचं. आदबीने, पण विचारायचं.

मग गणित. बारा तास गुणिले महिन्याचे सव्वीस दिवस म्हणजे ३१२ तास. २४,००० भागिले ३१२ केलं की तासाला जेमतेम ७७ रुपये होतात. याच मुलीला वाघोलीकडे एका वयस्क फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात सहा तासांचं काम १८,००० रुपयांवर मिळत होतं. घरी सगळ्यांनी ते बाजूला सारलं होतं, कारण १८ हा आकडा २४ पेक्षा लहान आहे. पण तिथे तासाला ११५ रुपये पडतात, उरलेल्या वेळात पदव्युत्तर प्रवेशाचा अभ्यास होतो आणि तीस वर्षं त्याच गल्लीत नाडी बघणाऱ्या माणसाशेजारी बसायला मिळतं. यातलं शेवटचं कोणत्याच पत्रात लिहिलेलं नसतं. ते आपणच मोलात धरायचं असतं.

मूळ प्रमाणपत्रांचं उत्तर सोपं आहे. मूळ कागद दाखवायचे, पडताळणी झाली की परत घ्यायचे, साक्षांकित प्रती द्यायच्या. मूळ कागद दुसऱ्याच्या कपाटात असतील तर उद्या सरकारी जागेला किंवा एमडीच्या प्रवेशाला काय दाखवणार?

बाँडबद्दल मित्रमंडळींत दोन टोकाच्या गोष्टी ऐकू येतात. एक म्हणतो, सही केली की मेलो. दुसरा म्हणतो, कर सही, त्याला काही अर्थ नसतो. दोघांचंही ऐकू नये. नोकरी सोडल्यानंतर व्यवसाय करायला बंदी घालणारी अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. त्यामुळे पाच किलोमीटरच्या अटीने घाबरून जायचं कारण नाही. पण बाँड ही वेगळी गोष्ट आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. ती बँक सरकारी होती, भरतीवर तिचा खर्च झाला होता, हे खरं. तरी धडा हाच की सही ही सहीच असते. म्हणून आधी विचारायचं: हा बाँड कोणत्या खर्चापोटी आहे? प्रशिक्षण काय देणार? नसेल देणार, तर बाँडऐवजी दोन महिन्यांची नोटीस लिहू या का?

इथे हॉस्पिटलवाल्यांची बाजूही ऐकून घ्यायला हवी. खराडीत जागेचं भाडं काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे. विम्याचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात. रात्रपाळीचे डॉक्टर पंधरा दिवसांत न सांगता निघून जातात आणि मालक डॉक्टर स्वतः वॉर्डात झोपतो. बाँडचा जन्म या भीतीतून होतो. समोरच्याची भीती कळली की तिच्यावरचा दुसरा इलाज सुचवता येतो, आणि बोलणी म्हणतात ती हीच.

सरकारी दरवाजाही आहे. २०१८ पासून ‘आयुष्मान भारत’ खाली उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, पुढे त्यांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ म्हणू लागले. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या जागेवर महाराष्ट्रात आयुर्वेद, नर्सिंगसोबत युनानी पदवीधरही घेतले गेले, सहा महिन्यांचं प्रशिक्षण देऊन. दरमहा २५,००० ठरलेले आणि कामगिरीनुसार १५,००० पर्यंत. शाळाशाळांतून मुलं तपासत फिरणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं तुम्ही पाहिली असतील. २०१३ साली पालघरमधून हा कार्यक्रम सुरू झाला. त्यातले डॉक्टरही आयुष पदवीधर असतात आणि कंत्राटी असतात.

या जागांच्या कागदांत एक शब्द असतो: मानधन. पगार नव्हे. पगार हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला. पैसे चुकते करणं एवढाच त्याचा साधा अर्थ. ‘मानधन’ ऐकायला जास्त सुंदर. पण ज्याला पगार मिळतो तो कर्मचारी. ज्याला मानधन मिळतं तो वर्षानुवर्षं काम करूनही दर वेळी नव्या आदेशाची वाट बघतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कंत्राटी कर्मचारी २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये संपावर गेले ते याच ‘माना’ला कंटाळून. म्हणून सरकारी पत्र आलं तरी डोळे मिटून कबूल म्हणू नये. ४०,००० हा आकडा ऐकून खूश होण्याआधी विचारावं: ठरलेले किती आणि ‘कामगिरी’चे किती? ते दर महिन्याला मिळतात की मार्चमध्ये एकदम? आदेश किती महिन्यांचा? आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या अधिकाऱ्याला फोन केला तर दहा मिनिटांत खरं कळतं.

“पण टीचर, मागणं बरं दिसत नाही. शुक्र करावं.” हे वाक्य मी फार ऐकते, आणि इथे मला दीनचंच बोट धरावंसं वाटतं.

कुराणात सूरह कससमध्ये हजरत मूसांची पहिली नोकरी आहे. ते मिसरमधून जीव वाचवून पळाले, मदयनला पोहोचले. घर नाही, माणूस नाही. जे काही भलं पाठवशील त्याचा मी मोहताज आहे, अशी दुआ त्यांनी नुकतीच केली आहे. अशा अवस्थेत एक बुजुर्ग त्यांना आपल्या मुलीशी निकाह आणि त्याबदल्यात चाकरी देऊ करतात. मुदत सांगतात आठ वर्षं. दहा केलीस तर ती तुझ्या मर्जीने, तुला जाच करायचा माझा इरादा नाही. आणि मूसा काय करतात? मुदत पक्की करून घेतात. या दोन्हींतली कोणतीही पुरी केली तरी माझ्यावर जास्तीचा भार नको, असं सांगतात आणि अल्लाहला साक्षी ठेवतात. इतक्या गरजेत असलेल्या माणसानेही अटी बोलून घेतल्या. मेहर आणि मेहनताना तिथे एकाच बैठकीत ठरले. सूरह बकरामधली कुराणातली सगळ्यांत लांब आयत तर उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, अशी तिची ताकीद आहे. फिकहमध्ये ‘इजारा’च्या, म्हणजे मजुरी-भाड्याच्या करारात, काम आणि मोबदला दोन्ही आधीपासून माहीत असणं ही अट आहे. अरबीत उजरत म्हणजे मजुरी आणि अज्र म्हणजे अल्लाहकडून मिळणारा बदला, दोन्ही शब्द एकाच धातूचे. तेव्हा मजुरी विचारणं हे नाशुक्रीचं लक्षण कसं होईल?

“बाहेर दहा जण रांगेत आहेत, आपण विचारलं तर दुसरीला घेतील.” हे मात्र खोटं नाही. युनानी पदवीधराला बाजारात एमबीबीएसइतकं वजन नाही. म्हणून पैशांचा आकडा हलला नाही तर दुसरं काय हलू शकतं ते बघावं. महिन्यात रात्रपाळ्या किती, हे लिहून घेता येतं. रात्री घरी पोहोचवायची गाडी मागता येते. मेट्रो रामवाडीपर्यंत आहे, पण रात्री उशिरा कोंढव्याला जाणाऱ्या मुलीला तिचा उपयोग नाही. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. तिच्यात कोण कोण आहे, हा प्रश्न विचारण्यात भिडेचं काही नाही. अशा ठिकाणी बाळंतपणाच्या रजेचा २६ आठवड्यांचा हक्कही लागू होतो. निकाह ठरलेल्या मुलीने तो आधीच माहीत करून घ्यावा.

ईदची सुट्टी, जुम्मा, रमजानमधली इफ्तारची वीस मिनिटं, डोक्यावरचा हिजाब, याबद्दल मुली विचारतच नाहीत. नावामुळेच आपण नकोसे होऊ अशी धास्ती असते, आणि आजच्या दिवसांत ती हवेतून आलेली नाही. तरी माझा सल्ला आहे की रुजू होण्याआधी, शांतपणे, मेहरबानी न मागता बोलावं. दिवाळीच्या रात्री आणि गणपतीत मी ड्युटी करीन, दोन्ही ईदला मला मोकळं ठेवा. मालक डॉक्टरला दिवाळीत माणूस मिळत नाही. त्याच्यासाठी हा फायद्याचाच सौदा आहे. ज्याला तरीही हिजाबच खुपतो, तो कसा आहे हे सहीआधी कळलेलं बरं.

शिवाय आपल्या मुलींकडे एक गोष्ट आहे जी त्या बायोडेटात एका ओळीत उरकतात: भाषा. खराडीच्या ओपीडीत बंगालहून, बिहारहून आलेल्या मजुराची बायको बसलेली असते, शेजारी बीडहून आलेली बाई. पांढऱ्या पाण्याची, पाळीची तक्रार पुरुष डॉक्टरपुढे दोघीही बोलत नाहीत. या मुलीपुढे एक हिंदी-उर्दूत बोलेल, दुसरी मराठीत. ही तिची किंमत आहे आणि ती मोठ्याने सांगावी.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे त्याकडे येते. या पत्रावर तीन जणांचं आयुष्य टांगलेलं असतं: मालक, डॉक्टर आणि तो तिसरा, जो बैठकीत नसतो. रुग्ण. बाराव्या तासाला साठावा रुग्ण तपासणारी मुलगी छातीतल्या दुखण्याला ॲसिडिटी म्हणून गोळी देऊ शकते. रात्री दोन वाजता तिने फोनवरच्या सूचनेने इंजेक्शन दिलं आणि काही बिघडलं, तर सूचना कोणाची होती हे कागदावर आहे का? पूनम वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ॲलोपॅथीची औषधं देणाऱ्या होमिओपॅथी डॉक्टरला निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरलं. मुख्तियार चंद खटल्यात १९९८ साली सांगितलं की वैद्य-हकिमांना आधुनिक औषधं वापरायची तर राज्याच्या कायद्याने तशी मुभा दिलेली असावी. महाराष्ट्रात आयुर्वेद-युनानीवाल्यांना काही मुभा आहे. म्हणूनच विचारायचं: माझ्या कामाची हद्द कोणती? वरिष्ठ डॉक्टर किती मिनिटांत पोहोचतील? फोनवरची सूचना नंतर सहीने कायम करतील का? हॉस्पिटलच्या विम्यात माझं नाव आहे का?

आणि सगळ्यांत अवघड प्रश्न: ॲडमिशनचं, तपासण्यांचं काही टार्गेट आहे का? कट प्रॅक्टिसविरुद्ध महाराष्ट्रात २०१७ साली कायद्याचा मसुदा झाला, चर्चा झाली, पण रोग गेला नाही. ज्याला सलाईनची गरज नाही त्याला सलाईन लावून मिळालेला पगार हलाल की नाही, हे ठरवायला मुफ्तीसाहेबांकडे जावं लागत नाही. हा प्रश्न मुलाखतीत विचारला की समोरच्याच्या चेहऱ्यावरच उत्तर मिळतं.

त्या मुलीने काय केलं? तीन दिवसांची मुदत मागितली, सहा मुद्दे लिहून पाठवले. हॉस्पिटलने मूळ प्रमाणपत्रांचा आग्रह सोडला, पाच किलोमीटरची ओळ खोडली, बाँड एका वर्षावर आणला. पगार आणि बारा तास जागचे हलले नाहीत. वरिष्ठ रात्री किती वेळात येतील, यावर “बघू” असं उत्तर आलं. तिने नम्रपणे नकार कळवला आणि वाघोलीच्या दवाखान्यात रुजू झाली. तिथेही तिने एक कागद लिहून मागितला. डॉक्टरसाहेब हसले आणि आपल्याच हस्ताक्षरात लिहून दिला. अब्बांना अजून महिन्याचे सहा हजार कमी दिसतात. ते चुकीचे नाहीत. घर त्यांनाच चालवायचं आहे. पण मुलगी संध्याकाळी घरी येऊन अभ्यासाला बसते, हेही त्यांनाच दिसतं.

दहावीच्या मराठीत आम्ही विनंतीपत्र शिकवतो, उर्दूत दरख्वास्त शिकवतो. ‘आपली नम्र’, ‘अर्ज है के’, ‘कृपा करावी’. मागावं कसं, याचे गुण आहेत. मिळालेलं पत्र वाचावं कसं, याचे नाहीत. ते बोर्ड कधी आणेल तेव्हा आणो. युनानी कॉलेजांनी इंटर्नशिपच्या वर्षात दोन तास यासाठी ठेवायला, जमातीतल्या वकिलांनी महिन्यातून एक इतवार द्यायला कोणाची परवानगी लागत नाही. आणि अब्बा-अम्मींनी एवढंच करावं: मुलगी पत्र घेऊन समोर आली की “ले लो” म्हणण्याआधी तिला बाजूला बसवावं, चष्मा लावावा आणि म्हणावं, “वाच, मी ऐकतो.”